केळीचा वास, पावसाचा वास आणि उमरीचं पाणी

‘प्रोजेक्ट’ म्हटलं की आता तुमच्या पोटात गोळा येत असेल. डेडलाइन, क्लायंट, रात्री साडेनऊचा कॉल, वर बॉसचा ‘क्विक अपडेट प्लीज’वाला मेसेज. कॉलेजात हाच शब्द किती निवांत होता, आठवतंय? शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणजे सीनियरची फाइल, नवं कव्हर, स्पायरल बाइंडिंग आणि पहिल्या पानावर सरांचे मनःपूर्वक आभार. आतला मजकूर तीन बॅच जुना. व्हायव्हाला एक्स्टर्नल विचारणार काय, हेही झेरॉक्सवाल्याला ठाऊक असायचं. मार्क मिळाले, डिग्री मिळाली, विषय संपला.

आता अशाच विशी-एकविशीतल्या पोरांचा एक वेगळा प्रोजेक्ट ऐका. साल २००६. अमेरिकेतली एमआयटी ही बडी संस्था. पदवीच्या काही विद्यार्थ्यांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत ठरवलं, की ई. कोलाय नावाच्या जिवाणूला सुगंधी करायचं. प्रयोगशाळेत या जिवाणूशिवाय पान हलत नाही, पण त्याला वास येतो तो साधारण सार्वजनिक शौचालयाचा! तर या पोरांनी आधी असा वाण घेतला, ज्यात हा दुर्गंध तयार करणारं जनुकच बाद केलेलं आहे. मग पेटुनियाच्या फुलझाडातलं एक जनुक त्यात घातलं. त्यातून आला गंधपुरा तेलाचा वास. कंबर धरल्यावर आपण जे बाम चोळतो ना, तोच. आणि यीस्टमधल्या एका जनुकानं आला पिकलेल्या केळीचा वास.

खरी गंमत पुढे आहे. जिवाणू भराभर वाढत असताना बामाचा वास यावा आणि वाढ थांबली की केळीचा, अशी जोडणी त्यांनी केली. म्हणजे नळीचं झाकण उघडा, हुंगा आणि आतल्या मंडळींचं काय चाललंय ते ओळखा. मशिनची गरज नाही, नाक पुरे. आमच्या नांदेड जिल्ह्यात अर्धापूरची केळी प्रसिद्ध आहेत, पण एकही केळ न आणता केळीचा वास काढणारी ही पहिलीच मंडळी मी ऐकली.

या खटाटोपाला नाव आहे सिंथेटिक बायॉलॉजी. मराठीत संश्लेषी जीवशास्त्र म्हणतात, पण ते म्हणताना जीभ अडखळते, म्हणून आपण सिंथेटिक बायॉलॉजीच म्हणू. कल्पना साधी आहे. सजीवांमधली जनुकं म्हणजे सुटे भाग समजायचे. एक भाग स्विच, एक भाग सेन्सर, एक भाग रंग किंवा वास तयार करणारा. ते जोडून जिवाणूला नवं काम शिकवायचं. तुम्ही एक्सेलमध्ये ‘इफ’चा फॉर्म्युला टाकता, ‘हे असेल तर ते कर’, तसाच फॉर्म्युला इथे पेशीत टाकायचा. फरक एवढाच, की एक्सेल चुकला तर लाल एरर दाखवतं. जिवाणू काहीच दाखवत नाही, गपगुमान मरून जातो.

एमआयटीत २००३च्या जानेवारीत हा प्रकार विद्यार्थ्यांसाठी महिनाभराचा कोर्स म्हणून सुरू झाला. पुढच्या वर्षी पाच विद्यापीठांची स्पर्धा झाली. तीच आज आयजेम या नावानं जगभर ओळखली जाते. अलीकडे दरवर्षी चारशेच्या आसपास संघ उतरतात आणि २०२२पासून अंतिम सोहळा पॅरिसला होतो. आपल्याकडून पुण्याच्या आयसरचे आणि मुंबईच्या आयसीटीचे विद्यार्थी या स्पर्धेत उतरलेले आहेत. या स्पर्धेचा एक नियम मला फार आवडतो. तुम्ही बनवलेला भाग तुमच्या खिशात राहत नाही. त्याला नंबर मिळतो, तो कसा वागतो याची नोंद होते, आणि पुढच्या वर्षी जगातल्या कुठल्याही पोराला तो वापरता येतो. केळीच्या वासाचं तेच झालं. तो प्रयोग पुढे अमेरिकेत शाळा-कॉलेजच्या मुलांसाठी प्रॅक्टिकल म्हणून बसवला गेला. म्हणजे एका बॅचला जे माहीत नव्हतं, ते नंतरच्या बॅचेसचं जर्नल झालं. आपल्याकडे जर्नलवरून जर्नल होतं, तिकडे संशोधनावरून जर्नल झालं!

आणि हो, पैशाचं बोलल्याशिवाय तुमचं समाधान होणार नाही. त्या केळीवाल्या संघाला मदत करणाऱ्या रेश्मा शेट्टी यांनी २००८ साली चार साथीदारांबरोबर गिन्को बायोवर्क्स ही कंपनी काढली. २०२१ साली ती शेअर बाजारात आली तेव्हा तिचं मूल्य १५ अब्ज डॉलर धरलं होतं. पुढे शेअर असा आपटला, की तो घेतलेल्यांना बामाचा वास घ्यावा लागला असेल. असो. उद्योग वर-खाली होतात. सुट्टीतल्या पोरखेळातून उद्योग उभा राहू शकतो, एवढं मात्र सिद्ध झालं.

‘ते एमआयटी आहे हो, आपलं काय,’ असं म्हणणाऱ्यांसाठी दुसरी गोष्ट. २००९. बंगळुरू. सृष्टी या कला आणि डिझाइन शिकवणाऱ्या संस्थेतली मुलं याच स्पर्धेत उतरली. जीवशास्त्राची नव्हे, चित्रं काढणारी, डिझाइन करणारी मुलं! त्यांनी विषय निवडला पहिल्या पावसाचा वास. मातीत राहणारे काही जिवाणू जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात. मृद्गंध म्हणून आपण जो छाती भरून घेतो, त्यात मोठा वाटा याचा. आपलं नाक या बाबतीत इतकं तिखट आहे, की अब्जावधी भागांत मोजके कण असले तरी ते ओळखतं. त्या मुलांनी जिओस्मिनचं जनुक ई. कोलायमध्ये बसवायला घेतलं. का? तर मान्सूनच्या देशात वाढलेल्या माणसाला पावसाच्या वासाचं काय वाटतं, हे बोस्टनच्या मुलाला कळणार नाही म्हणून. प्रश्न त्यांच्या मातीतून आला होता. अगदी शब्दशः.

माझा आजचा मुद्दा इथेच आहे. यंत्रं विकत मिळतात, रसायनं कुरिअरनं येतात, जनुक हवं तसं लिहून ऑर्डर करता येतं आणि एकेका अक्षराचा भाव आता काही रुपयांवर आलाय. प्रश्न मात्र कुरिअरनं येत नाही. तो जिथे माणूस राहतो तिथेच उगवतो.

आता चला उमरीला. पुण्यातल्या अर्ध्या ऑफिसला उमरी कुठे हे सांगावं लागतं, म्हणून सांगतो. नांदेडहून मुदखेडमार्गे धर्माबादकडे, तेलंगणाकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचं तालुक्याचं गाव. इतिहासाच्या पुस्तकात हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या बँक लुटीसाठी ते येतं. ३० जानेवारी १९४८ची ती घटना. बाकी भाग शेतीचा. कापूस, सोयाबीन, हळद.

या भागाला जनुकांचा खेळ नवा नाही बरं का. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्रात १९८०च्या दशकात एनएचएच ४४ हे संकरित वाण तयार झालं. शेतकरी त्याला नांदेड ४४ म्हणायचे. बियाणं इथलं, तपासलेलं इथल्या जमिनीत, इथल्या पावसावर. मग २००२ साली सरकारनं बीटी कापसाला परवानगी दिली. मातीतल्या एका जिवाणूचं जनुक कपाशीत घातलेलं, म्हणजे अळीनं पान खाल्लं की अळी मरणार. तंत्रज्ञान अमेरिकेतल्या मोन्सॅन्टोचं, बियाणं जालन्याच्या महिकोचं. काही वर्षांत शेतं बीटीनं भरली. नांदेड ४४मध्ये ते जनुक नव्हतं, त्यामुळे ते मागे पडलं. पुढे त्याचीही बीटी आवृत्ती निघाली, पण तोवर दुकानाच्या फळ्या दुसऱ्यांनी भरल्या होत्या. आणि २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं महाराष्ट्रभर दाखवून दिलं, की अळीसुद्धा अभ्यास करते!

बीटी चांगलं की वाईट, हा वाद मी इथे काढत नाही. चहाच्या टपरीवर तो रोज चालतो, तिथे जरूर भाग घ्या. मला एवढंच दिसतं, की नांदेड ४४चा प्रश्न नांदेडच्या माणसांनी विचारला होता. बीटीचा प्रश्न दुसरीकडे विचारला गेला आणि उत्तर पाकिटात बंद होऊन उमरीच्या कृषी सेवा केंद्रात आलं. पाकिटावर छापील किमतीसकट. सिंथेटिक बायॉलॉजीत नेमकं तेच पुन्हा होणार का?

तर समजा, उमरीची एक मुलगी आहे. बीएस्सीला मायक्रोबायॉलॉजी घेतलंय. सकाळच्या गाडीनं नांदेडला अप-डाउन करते. घरी मावशी आली की विचारते, ‘काय शिकायलीस गं? नोकरी लागती का याला?’ शेजारची पोरं लातूरला नीटच्या क्लासला गेलेली, त्यामुळे ही मुलगी गल्लीत आधीच संशयित. तिला कोणी म्हटलं, बाई, तुझा स्वतःचा प्रश्न शोध, तर तिला लांब जायला नको. घरातला पाण्याचा माठ पुरे.

नांदेड जिल्ह्याच्या काही भागांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आढळतं. पाणी दिसतं स्वच्छ, चव नेहमीची, वास नाही. पण वर्षानुवर्षं पोटात गेलं की मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात, पुढे सांधे आणि हाडं धरतात. आपल्या भारतीय मानकानुसार लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड ठीक, दुसरा स्रोतच नसेल तर फार तर दीड. आपल्या बोअरमध्ये किती, हे कळायला नमुना लॅबला पाठवायचा आणि रिपोर्टची वाट बघायची. दर पावसाळ्यानंतर आणि दर उन्हाळ्यात पाण्याची पातळी बदलते, पण नमुना तितक्यांदा कोण पाठवतो?

आता जगात काय झालंय ते बघा. २०१२ साली येल विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांना कळलं, की कित्येक जिवाणूंमध्ये फ्लोराइड ओळखणारा एक छोटा स्विच निसर्गानंच बसवलेला असतो. फ्लोराइड आलं की तो आपला आकार बदलतो आणि पुढचं जनुक सुरू होतं. २०२० साली नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या ज्युलियस लक्स यांच्या प्रयोगशाळेनं हा स्विच एका नळीत बसवला. जिवंत जिवाणू नाहीत, फक्त त्यांच्या पेशींतला कामाचा अर्क, सुकवून पावडर केलेला. त्यात पाण्याचा थेंब टाकायचा. फ्लोराइड जास्त असेल तर नळी पिवळी पडते. कोस्टा रिकात प्रत्यक्ष जागेवर जाऊन त्यांनी हे तपासलंही. प्रयोगशाळा नाही, इंजिनिअर नाही. पिवळं झालं की धोका. उमरीच्या आठवीतल्या पोरालाही कळेल.

मग सगळं सुटलंच की, आता विकत आणू! थांबा. ती नळी बेतली होती लिटरमागे २ मिलिग्रॅमच्या मर्यादेवर. आपली मर्यादा दीड आणि एक. म्हणजे जे पाणी तिकडच्या नळीत पास, ते आपल्याकडे नापास असू शकतं. मग स्विच आणखी संवेदनशील कसा करायचा? दुसरं, मे महिन्यात नांदेडला पारा ४२च्या वर जातो. पत्र्याच्या खोलीत ठेवलेली ती पावडर किती दिवस टिकेल? तिसरं, इथल्या बोअरचं पाणी जड, क्षारांनी भरलेलं. त्या क्षारांनी नळी फसेल का? हे प्रश्न शिकागोजवळच्या लॅबला पडायचं काही कारण नाही. त्यांच्याकडे मे महिन्यात छान वसंत असतो. हे प्रश्न पडणार उमरीच्या मुलीला. आणि यातला एक जरी प्रश्न तिनं नीट, आकड्यांसकट सोडवला, तरी तो पदवीच्या विद्यार्थिनीचा खराखुरा रिसर्च आहे.

‘नीट’ हा शब्द महत्त्वाचा. हे काम स्वयंपाकघरात करायचं नसतं. जनुक बदललेले जीव हाताळायला आपल्या देशात १९८९पासून नियम आहेत, संस्थेत जैवसुरक्षा समिती लागते, आणि ते योग्यच आहे. पण वाट बंद नाही. नांदेडला १९९४पासून स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे, लातूरला कृषी जैवतंत्रज्ञानाचं स्वतंत्र कॉलेज आहे. कुलपती कार्यालयानं २००६ साली सुरू केलेला ‘आविष्कार’ हा विद्यापीठांचा संशोधन महोत्सव आहे, त्यात पदवीच्या मुलांसाठी वेगळा गट असतो. देशातल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून दर उन्हाळ्यात विद्यार्थ्यांना दोन महिने मोठ्या शास्त्रज्ञाच्या लॅबमध्ये काम करायची फेलोशिप देतात. आणि डिझाइनचा भाग, म्हणजे कुठलं जनुक, कुठला स्विच, कसा जोडायचा, हे कॉम्प्युटरवर होतं. जगभरची जनुकांची माहिती फुकट खुली आहे. त्याला व्हिसा लागत नाही आणि पॅरिसच्या स्पर्धेची काही हजार डॉलर फीही लागत नाही.

आणि आता घड्याळाकडे बघायची वेळ आलीय. नव्या शैक्षणिक धोरणात पदवी चार वर्षांची करता येते. पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के मिळवणाऱ्यांना चौथ्या वर्षी ‘ऑनर्स विथ रिसर्च’ घेता येतं. त्यात संशोधन प्रकल्पाला १२ क्रेडिट. राज्यातल्या बहुतेक संलग्न कॉलेजांत हा आराखडा २०२४-२५ला सुरू झाला, म्हणजे चौथ्या वर्षाची पहिली मोठी बॅच २०२७-२८ची. त्या वर्षी तालुक्यातालुक्यांतल्या मुलामुलींना पदवीच्या पातळीवर ‘रिसर्च’ नावाची गोष्ट करायची आहे. ती काय असेल? केळीच्या वासासारखी, की झेरॉक्सवाल्याकडच्या स्पायरल फायलीसारखी?

खरं सांगायचं तर भीती दुसरीचीच जास्त वाटते. आपल्याकडे प्रॅक्टिकल म्हणजे उत्तर आधी माहीत असलेला प्रयोग. रीडिंग पुस्तकाशी जुळलं नाही तर रीडिंग बदलायचं, पुस्तक नाही. ज्या मुलीला तीन वर्षं आपण ‘एक्सपेक्टेड व्हॅल्यू’ लिहायला शिकवलं, ती चौथ्या वर्षी एकदम ‘सर, माझं रीडिंग वेगळं येतंय, का येतंय ते बघू का?’ असं विचारेल कशी? आणि विचारलं, तर सरांना त्या वेळी तीन बॅचेसचे पेपर तपासायचे असतात. सरांचीही चूक नाही. त्यांना कोणी विचारलं होतं कधी?

इथे तुम्ही येता. हो, तुम्हीच. हिंजवडीत, बाणेरमध्ये, एअरोलीत बसलेले. तुमच्यातले कित्येक जण देवगिरी एक्स्प्रेसनं किंवा रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं दिवाळीला त्याच बाजूला जाता. गावाच्या कॉलेजला काहीतरी द्यावं असं वाटलं की आपण प्रोजेक्टर देतो, पंखे देतो, फोटो काढतो. द्या, पंखे लागतातच. पण तुमच्याकडे त्याहून दुर्मिळ एक माल आहे. तुम्हाला प्रश्न छोटा करता येतो. मोठ्या गोंधळाचे तुकडे पाडून ‘या आठवड्यात एवढंच तपासू’ म्हणता येतं. अपयश आलं तर त्याची नोंद ठेवता येते. डेटा एक्सेलमध्ये शिस्तीत भरता येतो. इंग्रजी पेपर वाचून त्याचं सार मराठीत दहा मिनिटांत सांगता येतं. ऑफिसात याचे पैसे मिळतात, तालुक्याच्या कॉलेजात हे शिकवायला माणूस मिळत नाही. पंधरा दिवसांतून एक शनिवार, तासभराचा व्हिडिओ कॉल. तुम्हाला जनुकातलं ओ की ठो कळत नसेल तरी चालेल. बंगळुरूच्या त्या चित्रं काढणाऱ्या मुलांनाही सुरुवातीला कळत नव्हतं.

तुमच्या भाच्याला किंवा पुतणीला एक फोन करा. ‘अभ्यास कसा चाललाय’ हे विचारू नका, त्याचं उत्तर ‘बरं चाललंय’ एवढंच येतं. विचारा, ‘तुझ्या गावातली कुठली गोष्ट तुला अजून कळलेली नाही?’ समोरून मिनिटभर काही आवाज येणार नाही. रेंज गेली असं समजून फोन ठेवू नका. तिकडे विचार चाललेला असतो.